गाणं ऐकू येतंय पण भिडत नाहीये (डिप्रेशन, मेंदू आणि संगीत)

उतरलेला_पंचम (धागाकर्ता), रविवार रात्री ११:४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४३, पुणे, नोकरी कॉम्प्युटरसमोर. वडील हौशी तबलजी, त्यामुळे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी ठेके पाठ झाले. मी स्वतः बरा वाजवायचो, आता हात राहिला नाही पण कान आहे. म्हणजे होता. सवाईला न चुकता जाणाऱ्यांपैकी मी एक, सतरंजी, थर्मास, शेजारच्याला न आवडणारे दाद देण्याचे आवाज काढणं, सगळं. गेल्या डिसेंबरात तिकिटं काढलेली असून गेलो नाही. मित्राला देऊन टाकली आणि वाईटही वाटलं नाही, हे जास्त विचित्र.

गेले आठेक महिने हे चाललंय. झोप पहाटे तीनला मोडायची, वजन ६ किलो कमी झालं, शेवटी बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. डिप्रेशन म्हणाले. गोळी चालू होऊन आज पाच आठवडे झाले. झोप सुधारली, आमटीला चव लागते, ऑफिसात लोकांशी बोलतो. पण गाणं मात्र नाही.

आज दुपारची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. माझं एक अत्यंत लाडकं जुनं खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग आहे, किमान दोनशे वेळा ऐकलेलं. द्रुत तीनतालात एका ठिकाणी तबलेवाला तिहाई (एकच तुकडा तीनदा) उचलतो, आणि ती अशा जागेवरून उचलतो की वाटतं हा आता पडणार, हे काही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही. पहिला पल्ला, दुसरा पल्ला, तिसऱ्याचा शेवटचा धा बरोब्बर समेवर. दरवेळी माझ्या हातावर काटा यायचा, दोनशे वेळा ऐकूनही. आज मी सोफ्यावर बसून बोटांवर मोजत होतो. हिशोब चोख लागला. सम आली. आणि काहीच झालं नाही. मान हलली नाही की तोंडातून वा निघालं नाही. एटीएममधून पावती बाहेर यावी आणि पैसे येऊ नयेत तसं.

बायको म्हणते गाणं लाव, बरं वाटेल. तिला कसं सांगू की गाणं लावलं की जास्तच वाईट वाटतं कारण आता तिथेही काही नाही हे कळतं. रोज एकदा तेच रेकॉर्डिंग लावून बघतो, आलं का परत म्हणून.

तर विचारायचं हे की असं कुणाला झालंय का, हे आजाराने होतं की गोळीने, आणि परत येतं का.

खडीसाखर, रविवार रात्री ११:५८

बापरे दादा, वाचून कसंतरी झालं. काळजी घ्या. आमच्या योगाच्या ग्रूपवर एक यादी आली होती कुठल्या त्रासाला कुठला राग, बीपीला, निद्रानाशाला, नैराश्याला वगैरे, सकाळी अमुक वेळेला २० मिनिटं ऐकायचा. शोधून टाकते. करून बघायला काय हरकत, साइड इफेक्ट तर नाही.

उतरलेला_पंचम, सोमवार सकाळी ६:१०

आभार ताई. पण त्या यादीतले बहुतेक राग मी आयुष्यभर ऐकलेत हो. कुठला राग हा प्रश्नच नाहीये, नळालाच पाणी नाही.

आबा_कोकणे, सोमवार सकाळी ७:३५

माफ करा पण स्पष्ट लिहितो. आमच्या वेळी हे असले आजार नव्हते. कामात मन गुंतवा. सकाळी उठून चार किमी चाला. सगळं मोबाइलमुळे आहे.

धुळ्याची_मिरची, सोमवार सकाळी ८:०२

आबा, आजार होते, नावं नव्हती. असो, धाग्याचा आखाडा नको.

मेंदूचा_भुगा, सोमवार दुपारी १:२०

मी न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतेय (माझा विषय संगीत नाही, उंदीर आहे), पण हा सगळा प्रकार मला फार जवळचा वाटतो म्हणून सविस्तर लिहिते, जेवणाचा डबा बाजूला ठेवून.

पंचम, तुम्ही जे लिहिलंय त्याला नाव आहे, अ‍ॅनहेडोनिया. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हा शब्द काढला. आनंद न होणं. वाईट वाटणं वेगळं आणि चांगलं न वाटणं वेगळं, लोक दोन्हीला उदास म्हणतात. डिप्रेशनच्या निदानात जी दोन मुख्य लक्षणं धरतात त्यातलं एक उदास मनःस्थिती आणि दुसरं हेच, रस आणि आनंद संपणं. दोन्हीपैकी एक असावंच लागतं. म्हणजे माणूस अजिबात रडत नाहीये तरी त्याला डिप्रेशन असू शकतं.

आता गाण्याचं. मेंदूत गाण्याच्या सुखाचं वेगळं खातं नाही. भूक लागल्यावर जेवण, पैसे मिळणं, आवडीचं माणूस दिसणं, या सगळ्याला जी यंत्रणा लागते तीच गाण्यालाही लागते. ही यंत्रणा सापडली तीही गमतीने. १९५४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार घातली होती, तर उंदीर त्या एका जागी करंट मिळावा म्हणून स्वतःच खटका दाबत बसले. पुढे त्याच विद्यापीठात झातोरे यांच्या लॅबमध्ये गाण्यावरचं काम झालं. २००१ मध्ये ब्लड आणि झातोरे यांनी १० जणांना स्वतःच्या पसंतीचं, अंगावर काटा आणणारं संगीत आणायला सांगितलं आणि पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी द्रव्य देऊन मेंदूतली हालचाल बघणारं यंत्र) घातलं. काटा जितका जोरात तितकी या सुखाच्या भागांमधली हालचाल जास्त.

पण पंचम, तुमच्या तिहाईसाठी खरा कामाचा प्रयोग २०११ चा. सालिमपूर आणि मंडळी. त्यांनी रॅक्लोप्राइड नावाचं एक किरणोत्सारी लेबल लावलेलं द्रव्य दिलं. ते डोपामिनच्याच (या सुखाच्या यंत्रणेतलं रसायन) खुर्चीवर बसतं. मेंदूने स्वतःचं डोपामिन सोडलं की त्याला बसायला खुर्च्या कमी मिळतात, त्यावरून कळतं डोपामिन किती सुटलं. तर गाणं ऐकताना खरंच सुटत होतं. त्याहून भारी म्हणजे दुसऱ्या स्कॅनने वेळ पण बघितली, आणि दोन वेगळे भाग दोन वेगळ्या वेळी पेटले. काटा यायच्या आधीचे काही सेकंद कॉडेट नावाचा भाग, आणि प्रत्यक्ष काटा येतो तेव्हा न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स.

म्हणजे आपल्या भाषेत, तिहाई उचलली की कॉडेट, धा पडला की अ‍ॅक्युम्बन्स. (तिहाईवर कुणी प्रयोग केलेला नाही, हे माझं घुसडणं आहे, गोरे लोक आपापली वेस्टर्न क्लासिकल वगैरे घेऊन आले होते.) वाट बघणं हाच अर्धा आनंद आहे हे कुठल्याही तबलजीला माहीत असतं, त्यांनी फक्त त्याचा फोटो काढला.

आणि डिप्रेशनमध्ये? २००९ मध्ये कॅनडातल्याच ओसुच यांच्या गटाने डिप्रेशनचे रुग्ण आणि निरोगी माणसं दोघांना आपापलं सगळ्यात आवडतं संगीत ऐकवलं. रुग्णांमध्ये या सुखाच्या भागांची हालचाल कमी दिसली. गाणं आवडतं असूनही. तर तुमचा कान शाबूत आहे, लयीचा हिशोब शाबूत आहे, तुम्ही बोटांवर मोजलंत ते बरोबरच होतं. पुढे जिथे तो हिशोब वटवायचा तिथलं काउंटर मंद झालंय.

टीकाकार_नं_१, सोमवार दुपारी २:०५

२०११ च्या प्रयोगात माणसं किती होती? मी आत्ता शोधलं, पेट स्कॅनला ८. आठ माणसांवरून मेंदूचं अर्थशास्त्र मांडायचं?

मेंदूचा_भुगा, सोमवार दुपारी २:४०

आठच. मान्य. पेट स्कॅन महाग असतो आणि किरणोत्सार असल्याने उगाच शंभर लोकांना करता येत नाही. आणि अजून एक त्रुटी मीच सांगते, त्यांनी मुद्दाम हमखास काटा येणारेच लोक निवडले होते. म्हणजे पहिल्या रांगेतले रसिक. मागे उभं राहून भजी खाणारे नव्हते.

पण त्यावर थांबले नाहीत ना ते. २०१९ मध्ये फेरेरी वगैरेंनी २७ जणांना तीन वेगळ्या दिवशी तीन गोष्टी दिल्या, एकदा डोपामिन वाढवणारं लेवोडोपा, एकदा डोपामिन अडवणारं रिस्पेरिडोन, एकदा नुसती खोटी गोळी. लेवोडोपाच्या दिवशी गाण्याचा आनंद वाढला, रिस्पेरिडोनच्या दिवशी घटला, आणि गाणं विकत घ्यायला किती पैसे द्याल विचारल्यावर तो आकडाही तसाच वरखाली झाला. म्हणजे डोपामिन गाण्याबरोबर योगायोगाने दिसत नाही, त्याचा हात आहे त्यात. पण एकटं डोपामिनही नाही. २०१७ मध्ये नॅलट्रेक्सोन दिलं, दारू सोडवायला वापरतात ते, शरीरातली स्वतःची अफू अडवतं, तर लोकांना आवडतं गाणंही सपाट वाटलं.

अर्धा_डॉक्टर, सोमवार रात्री ९:१५

मानसोपचारात रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून आलोय. आधी एक सूचना, वरचं वाचून कुणी आपलं रिस्पेरिडोन बंद करू नका रे बाबांनो. तो प्रयोग निरोगी लोकांवर एकेका डोसचा होता. ज्यांना ते औषध दिलंय त्यांना काही कारणाने दिलंय.

पंचम सर, आधी एक सरळ प्रश्न, ओपीडीत विचारतो तसाच इथे विचारतोय. जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का? इथे उत्तर द्यायला संकोच वाटत असेल तर देऊ नका, पण तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा, आणि रात्रीअपरात्री तसं वाटलं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता आजाराने की गोळीने. प्रामाणिक उत्तर म्हणजे दोन्ही शक्य आहे. तुमच्या बाबतीत तुम्हीच लिहिलंय की डिसेंबरात तिकिटं देऊन टाकली आणि गोळी पाच आठवड्यांची आहे, म्हणजे सुरुवात तरी आजाराने केलीय. पण डिप्रेशनवर सर्रास देतात त्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांनी काही लोकांना सगळंच बोथट झाल्यासारखं वाटतं, दुःखही कमी आणि आनंदही कमी. ते डोस कमीजास्त करून किंवा औषध बदलून सुधारता येतं, आणि ते करायचं काम डॉक्टरांचं, तुमचं नाही. आमच्याकडे लोक झोप, भूक, कामावर जातो की नाही एवढंच सांगतात. गाणं भिडत नाही हे कुणी सांगतच नाही कारण त्यांना वाटतं हे काय डॉक्टरला सांगायचं. सांगा. आम्हालाही विचारायची सवय नाही हे खरंय, रांग असते बाहेर.

आणि परत येण्याबद्दल, साधारण झोप आणि भूक आधी सुधारते, आनंद सगळ्यात शेवटी येतो आणि रांगत येतो. पाच आठवडे म्हणजे फार नाहीत.

उतरलेला_पंचम, सोमवार रात्री १०:३०

डॉक्टर, सरळ विचारलंत, बरं वाटलं. मार्चमध्ये येत होते विचार. आता नाही. डॉक्टरांना सांगितलंय, बायकोलाही माहीत आहे. नंबर लिहून ठेवला.

गाण्याबद्दल मात्र सांगितलं नव्हतं. श्रीमंती चोचले वाटतील असं वाटलं. पुढच्या खेपेला सांगतो.

धुळ्याची_मिरची, मंगळवार सकाळी १०:४५

मी जरा उलटी बाजू मांडते. मला गाणं कधीच भिडलेलं नाही. जन्मापासून. डिप्रेशन वगैरे काही नाही, शेवभाजी समोर आली की माझं अ‍ॅक्युम्बन्स का काय ते ढोल वाजवतं. पण गाणं म्हणजे मला मिक्सर चालू असल्यासारखं, आहे तर आहे. सूर चुकला तर कळतो बरं का, शाळेत समूहगीतात होते. पण त्यात लोक डोळे काय मिटतात हे समजत नाही. सासर अख्खं गाणारं. लग्नानंतर पहिल्या कोजागिरीला सगळे एकेक म्हणत होते, काकांच्या डोळ्यात पाणी, आणि मी आटवलेल्या दुधावरची साय मोजत होते. नवऱ्याला वाटायचं मी रुक्ष आहे. मला काही आजार आहे का भुगाताई?

मेंदूचा_भुगा, मंगळवार सकाळी ११:३०

आजार नाही! तुमच्यासारख्यांवर बार्सिलोनात काम झालंय, २०१४ मध्ये पहिल्यांदा नीट दाखवलं की काही निरोगी माणसांना पैसे जिंकले की व्यवस्थित आनंद होतो पण गाण्याने होत नाही. सुखाची यंत्रणा धडधाकट, कान धडधाकट. मग २०१६ मध्ये त्याच गटाने ४५ जणांना स्कॅनमध्ये घालून बघितलं तर ज्यांना गाण्यात काही वाटत नाही त्यांच्यात कानाकडचा भाग आणि सुखाचा भाग यांच्यातलं बोलणं कमी होतं. दोन गावं आहेत, दोन्हीकडे वीज आहे, मधला रस्ता कच्चा. पैशाचा रस्ता मात्र डांबरी.

यातच पंचम यांचाही फरक कळतो. मिरचीताईंचा फक्त गाण्याचा रस्ता कच्चा, तोही जन्मापासून, आणि त्यांचं काही अडत नाही. पंचमना तर तिकिटं गेल्याचंही वाईट वाटलं नाही, आमटीची चवही गेली होती. म्हणजे त्यांच्या गावातच लोडशेडिंग. तिथे गाण्याला दोष देऊन उपयोग नाही, ते बिचारं वेशीपर्यंत येऊन परत जातंय.

धुळ्याची_मिरची, मंगळवार दुपारी १२:०१

नवऱ्याला फॉरवर्ड केलं. १४ वर्षांनी निर्दोष सुटका 😂

रडकी_प्लेलिस्ट, मंगळवार दुपारी १:१७

माझं वेगळंच आहे. मला पण डिप्रेशन होतं इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला पण मला गाणी भिडत होती उलट जास्तच भिडत होती पण फक्त रडकी, म्हणजे रात्री हेडफोन लावून तीच पाच गाणी लूपवर आणि मम्मी म्हणायची की असली गाणी ऐकूनच तू अशी झालीयेस, आनंदी काहीतरी ऐक, आणि आनंदी गाणं लागलं की मला अक्षरशः चीड यायची, कुणीतरी तोंडावर फुगे फोडतंय असं. मग मी खरंच स्वतःला आजारी ठेवत होते का रडकी गाणी ऐकून?

अर्धा_डॉक्टर, मंगळवार रात्री १०:५०

फार चांगला प्रश्न. यावर दोन प्रयोग एकमेकांना भिडलेले आहेत. २०१५ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी दाखवलं की डिप्रेशन असलेले लोक निवड दिली तर दुःखी संगीत जास्त निवडतात, आणि निष्कर्ष काढला की ते स्वतःची उदासी टिकवतात. तुमच्या मम्मींचाच मुद्दा. मग फ्लोरिडातल्या एका गटाने तोच प्रयोग परत केला आणि लोकांना विचारलं, हे का निवडलंत? उत्तर आलं, शांत वाटतं म्हणून. दुःखी संगीत साधारण संथ, हळू आवाजाचं असतं, भणभणलेल्या डोक्याला ते झेपतं. दुखऱ्या पायाने माणूस सावकाश चालतो, त्याला पळवत नाही कुणी.

पण सगळ्यांना मानवतंच असं नाही. ज्यांना एकच विचार रवंथ करायची सवय आहे त्यांना ती गाणी त्या रवंथाला चारा पुरवतात. मी पेशंटना एवढंच सांगतो, गाणं चालू असताना कसं वाटतं ते सोडा, बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी कसं वाटतं ते बघा. हलकं वाटलं तर ऐका खुशाल. जड वाटलं तर उठून भांडी घासा.

रडकी_प्लेलिस्ट, मंगळवार रात्री ११:०८

रडून झोप लागायची मला. म्हणजे हलकंच. मम्मीला दाखवते हे.

खडीसाखर, बुधवार सकाळी ९:३०

मग यादी टाकू की नको? 🙈 आणि संगीतोपचार खरा की नाही शेवटी?

मेंदूचा_भुगा, बुधवार दुपारी १:१०

यादी नको ताई, हलकं घ्या. अमुक आजाराला तमुक राग असं कोष्टक टिकेल असा पुरावा माझ्या बघण्यात नाही. वरच्या बऱ्याच प्रयोगांत बघा, ज्याचं त्याने आणलेलं गाणं होतं. एकाच्या काट्याच्या गाण्याने दुसऱ्याला जांभई येते. १९९३ चं ते मोझार्ट ऐकून हुशारी वाढते प्रकरण आठवतं? ३६ विद्यार्थी, एका प्रकारच्या कोड्यात थोडा फायदा, तोही १०-१५ मिनिटं टिकणारा, आणि त्यावर लोकांनी पोटातल्या बाळांसाठी सीड्या विकल्या. आपल्याकडची कोष्टकं त्याच दुकानातली.

संगीतोपचार मात्र वेगळी गोष्ट आहे, तो खरा आहे पण त्यात शिकलेला थेरपिस्ट समोर असतो. फिनलंडमध्ये २०११ चा अभ्यास आहे, ७९ जण, त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर २० बैठका. आणि त्या बैठकांत ऐकवत नव्हते, वाजवायला लावत होते. थेरपिस्ट आणि रुग्ण दोघं मिळून ड्रम वगैरे, सुचेल ते. तीन महिन्यांनी त्यांच्यात सुधारणा जास्त होती, सहा महिन्यांनी मात्र फरक तितका ठाम राहिला नाही. २०१७ मध्ये कॉक्रनवाल्यांनी (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) असे ९ अभ्यास, ४२१ लोक, एकत्र करून बघितले, आणि म्हणाले नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून थोड्या काळासाठी फायदा होतो. जोड म्हणून. गोळीऐवजी नाही.

टीकाकार_नं_१, बुधवार दुपारी १:३०

चला, कधी नव्हे ते सहमत.

अर्धा_डॉक्टर, बुधवार रात्री १०:२०

यात मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रयोग राहिलाच. डाव्या कपाळामागे मेंदूचा एक भाग आहे, तिथे बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन डिप्रेशनवर उपचार करतात, टीएमएस. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतो. २०१८ मध्ये मॅकगिलमध्येच निरोगी लोकांना त्याच जागी ठोके देऊन गाणं ऐकवलं. उत्तेजित करणारे ठोके दिले तर तेच गाणं जास्त आवडलं, दाबणारे दिले तर कमी. म्हणजे डिप्रेशनचा उपचार जिथे करतो तिथूनच गाण्याच्या आनंदाचा आवाज कमीजास्त करता येतो. मला तर वाचून काटा आला, बाकीच्यांना गाण्याने येतो.

आणि शांघायमध्ये तर औषधांना न जुमानणाऱ्या डिप्रेशनच्या १३ रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आतच इलेक्ट्रोड बसवलेले होते, त्यांना संगीत ऐकवून २०२४ मध्ये अभ्यास छापलाय. ज्यांना फायदा झाला त्यांच्यात कानाकडचा भाग आणि हे आतले भाग एका तालात येत होते. अगदी सुरुवातीचं काम आहे. पण भुगाताईंचा तो कच्चा रस्ता तिथेही दिसतोच.

आबा_कोकणे, गुरुवार सकाळी ६:५०

गेले तीन दिवस सगळं वाचतोय. मी आधी लिहिलं ते मागे घेतो. घाईत लिहिलं.

एक सांगतो. १९९४ साली माझा धाकटा भाऊ गेला, होडी उलटली. आमच्या वाडीत भजनी मंडळ आहे, दर एकादशीला देवळात भजन. मी झांज वाजवायचो, तो पखवाज. तो गेल्यावर मी घरातून निघत नव्हतो. मंडळातले दोघे यायचे, काही बोलायचे नाहीत, चप्पल पुढे सरकवायचे. मी जायचो, झांज हातात घ्यायचो, वाजवायचो. काहीसुद्धा वाटत नव्हतं. पंचम म्हणतात तसं, पावती यायची पैसे नाहीत. गजर शिगेला जायचा, सगळे घामाघूम, आणि मी मनात उद्या गुरांना पेंढा आहे का बघत असायचो. हे वर्षभर चाललं. पण वाजवणं चुकलं नाही, कारण मी चुकलो तर बुवांचं गाणं घसरतं. मला डिप्रेशन होतं की काय होतं ते देव जाणे, तेव्हा कुणी विचारलं नाही.

परत कधी आलं ते आठवत नाही. मी रोज तपासत नव्हतो म्हणून कळलं नसेल. तुम्ही ते रेकॉर्डिंग रोज लावून बघता ते बंद करा असं मला वाटतं. पेरलेलं रोज उकरून बघतो का कुणी.

मेंदूचा_भुगा, गुरुवार सकाळी ९:००

आबा, दंडवत.

आणि योगायोगाने हे उपचारातही आहे. मनाची वाट न बघता आधी कृती करायची, आनंद येवो न येवो, वेळापत्रकात लिहून. वाटलं की करू असं म्हटलं तर ते वाटणं येतच नाही, कारण जे वाटवतं तेच यंत्र बिघडलंय. डोपामिन नुसतं सुख देत नाही, त्या सुखाच्या दिशेने उठून जायला लावतं. पंचमनी तिकिटं देऊन टाकली तिथे तेच थकलं होतं.

अर्धा_डॉक्टर, गुरुवार रात्री ९:४०

आबांना +१. ओपीडीत एवढं नीट मला सांगता येत नाही.

उतरलेला_पंचम, शुक्रवार रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. रेकॉर्डिंग फोनमधून काढलं पण पुसलं नाही, पेनड्राइव्हवर टाकून पेनड्राइव्ह बायकोकडे दिला. तिने तो तांदळाच्या डब्यात लपवलाय, तिला वाटतंय मला माहीत नाही.

डॉक्टरांना सांगितलं गाण्याचं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काय ऐकता विचारलं. गोळी बदललीय, बघू.

वडिलांचा तबला माळ्यावरून काढलाय. वाजवत नाही, रोज दहा मिनिटं नुसता ठेका धरतो, धा धिं धिं धा, पंचेचाळीसच्या लयीत. वाटत काहीच नाही. पण आबा, पेंढ्याचा विचार करत धरतो.

खडीसाखर, शनिवार सकाळी ८:२०

छान दादा. वाचनखूण साठवली.

(मधले काही "कसे आहात" प्रतिसाद)

उतरलेला_पंचम, साधारण साडेतीन महिन्यांनी, रात्री १२:२५

धागा वर काढतोय, माफी.

आज सोसायटीच्या गणपतीत भजन होतं. बायको नेते म्हणून गेलो, मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पार्किंगच्या खांबाला टेकून. पेटी काळी एकला, आणि तबला उतरलेला. किंचित, पाव सूर असेल. समोरचे सत्तर लोक टाळ्या वाजवत होते, कुणाला पत्ता नाही. आणि मला चीड आली. म्हणजे अशी चीड की बसवेना. अरे ऐका ना, किती उतरलाय! दोन अभंग दात धरून बसलो. तिसऱ्याच्या आधी उठलो, सरळ पुढे जाऊन तबलजीला म्हटलं हातोडी आहे का. पंचविशीतला पोरगा, बघतच बसला. मी तिथेच मांडी घातली, गजऱ्यावर ठोके देत देत फिरवत आणला, एक घर राहत होतं ते पुन्हा, पेटीवाल्याला म्हटलं सा धर, आणि लागला. दोन्ही आवाज एकात गेले की मधली ती थरथर थांबते बघा, ती थांबली.

काटाबिटा काही आला नाही. पुढचं भजन ऐकलं, ठीक होतं. पण घरी येईपर्यंत मी बायकोला तबला कसा मिळवतात ते सांगत होतो आणि ती लिफ्टमध्ये रडायला लागली, मला आधी कळेना का.

पेनड्राइव्ह अजून तांदळातच आहे.

आबा_कोकणे, सकाळी ६:३०

त्या पोराला राग नाही ना आला?

उतरलेला_पंचम, सकाळी ७:०५

आला ना. प्रसाद वाटायला तोच होता, मला शिरा अर्धाच चमचा वाढला.